नायकाचे हात मागे

...आणि वर लोक मलाच विचारतात, तू नक्की काय केलंस वर्षभर? मी? अहो तुम्हाला सांगतो, वर्षभर दुसऱ्या कुणी काही केलंच नाही, सगळं मीच केलं! तंबू मी उभा केला, खुंट्या मी ठोकल्या, दोर मी बांधले, चूल मी पेटवली, सामानाच्या ट्रंकेला कुलूप मी लावलं आणि ते नीट लागलंय की नाही हे ओढून बघायला अर्ध्या रस्त्यातून परत मीच आलो. का? तर मी संघनायक. आता नायक म्हटल्यावर कुणीतरी करायला नको का?

थांबा, तुम्हाला स्काऊटमधलं काही माहीत नसेल तर आधीच सांगून टाकतो, नाहीतर मध्येच विचाराल आणि माझा धागा तुटेल. आमचं पथक म्हणजे बत्तीस मुलंमुली. त्यांचे चार संघ, एकेका संघात आठ जण. प्रत्येक संघाला एक नायक, त्याच्या शर्टाच्या खिशावर दोन पांढऱ्या फिती. आणि या चारही संघांच्या वर एक पथकनायक, त्याच्या खिशावर तीन. आता तुम्ही म्हणाल, दोन आणि तीनमध्ये असा फरक तो किती, एका फितीचा. म्हणाल, म्हणाल... तुम्हाला कुठे दोन फिती लावून आमच्या घरात राहायचंय!

कारण आमच्या घरात ती तिसरी फीत आधीच येऊन गेलीय. माझी ताई पथकनायक होती. एक नाही, दोन वर्षं. आता ती नोकरीला लागली, दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीपाशी बसते, पण घरात शिरली की अजून पथकनायकच. 'बूट असे का पडलेत? सरळ ठेव. दप्तर जमिनीवर का?' आणि आई लगेच, 'ताईच्या वेळेला सर स्वतः घरी आले होते हो सांगायला.' की बाबा वर्तमानपत्राच्या आडून, 'आले होते, आले होते.' अहो, माझ्या वाढदिवसाला आले होते का सर? पण विषय तोच. आणि मला सोळा पूर्ण झालेली, पुढच्या वर्षी मी पथकातून बाहेर. म्हणजे झालो तर यंदा, नाहीतर जन्मभर ताईचा भाऊ.

पण मला काळजी नव्हती हं. खोटं नाही सांगत, शंभर टक्के खात्री होती. मी आईला म्हटलं, 'झाल्यातच जमा आहे, तू तिसरी फीत शिवून टाक.' आई म्हणाली, 'अरे पण निवडणूक व्हायचीय ना?' मी म्हटलं, 'निवडणूक काय, होईल ती. आदल्या दिवशी तुझ्या हातात सुई देत बसू का?' आणि तिनं शिवली. दुहेरी टाक्यांनी. आई कुठलंही काम कच्चं करत नाही, हे मी तेव्हा विसरलो होतो.

तर माझा संघ. एक चष्मा, म्हणजे चष्मेवाला, तो आमच्या नोंदवहीत सगळं लिहून ठेवतो, ढग किती होते तेसुद्धा. एक जुळ्यांची जोडी, एकाला काही सांगितलं की दुसरा हसतो. एक छोटी, वय वर्षं अकरा, टोपी कानांपर्यंत. आणि बाकीचे तिघं. बाकीचे तिघं म्हणजे बाकीचे तिघं, मी त्यांना एकदमच हाक मारायचो, तेही एकदमच यायचे. मुलं चांगली, पण हळू... इतकी हळू की तुम्हाला काय सांगू! पहिल्याच शनिवारी मी छोटीच्या हातात दोर दिला आणि म्हटलं, बांध. तिनं दोर उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, एक टोक असं घेतलं, एक टोक तसं घेतलं, मग टोपी वर केली, मग परत पहिल्यापासून. तोवर शेजारच्या संघाचा तंबू उभा! मी किती वाट बघायची? म्हटलं, 'दे इकडे.' आणि गाठ बांधून टाकली. चार सेकंदांत.

तिथून जे 'दे इकडे' सुरू झालं... चष्मा खुंटी तिरकी धरतोय, दे इकडे. जुळे कापडाची घडी घालताना हसतायत, दे इकडे. बाकीचे तिघं नुसतेच उभे आहेत, त्यांच्या हातात काही नव्हतं, तरी सवयीनं मी म्हटलं, दे इकडे. आता नायक म्हटल्यावर कुणीतरी करायला नको का?

आणि आमचे तंबू म्हणजे कसे, तर माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यांचे ताण द्यायचे दोर जागोजागी तुटलेले. म्हणजे प्रत्येक दोराला दोन-दोन तीन-तीन ठिकाणी गाठ मारून जोडायचं आणि मग खुंटीला ताणायचं. अशा एका तंबूला वीस-बावीस गाठी. सगळ्या मी मारायचो. माझी पद्धत एकदम सोपी, उजवं टोक डाव्यावर, परत उजवं टोक डाव्यावर, ओढा, संपलं. दिसायला कशी सुबक दिसायची! मग मी हात झटकून सरांकडे जायचो, 'सर, झालं,' म्हणून सांगायचो, आणि नळावर जाऊन पाणी प्यायचो. परत येईपर्यंत माझा संघ काय करत असायचा सांगा? सगळे आपापल्या दोराशी वाकून बसलेले असायचे. माझ्या गाठी बघत. मला इतकं बरं वाटायचं... म्हणायचो, शिकतायत बिचारे.

आणि वर्षभरात आमचा तंबू एकदाही पडला नाही. एकदाही! वारा सुटला तेव्हा दोन संघांचे तंबू मैदानभर पळत होते आणि पोरं त्यांच्या मागे पळत होती. आमचा जागचा हलला नाही. मी तंबूच्या दाराशी असा कमरेवर हात ठेवून उभा होतो. चष्म्यानं ते नोंदवहीत लिहिलंयसुद्धा, 'नायक कमरेवर हात ठेवून उभे होते.'

आता आमचे सर. सर म्हणजे सुतारकाम शिकवतात, कानावर पेन्सिल, आणि बोलणं असं की एक वाक्य पुरं होईल तर शपथ. 'म्हणजे असंय... यंदा काय झालं की... मुख्यालयातून बाई येणारेत, तर... बघू.' एवढंच. 'बघू' म्हटलं की सरांचं भाषण संपलं असं समजायचं. तर मुख्यालयातून बाई येणार, त्या चारही संघांची परीक्षा घेणार, आणि परीक्षा झाली की तिथल्या तिथे पथकनायकाची निवडणूक. उमेदवार दोन. एक मी, आणि दुसरी पहिल्या संघाची नायिका, तिला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण ती कधी उशिरा येत नाही आणि लवकरही येत नाही. चांगली मुलगी आहे. पण तंबू कुणाचा पळाला होता? तिचा. मी निवांत होतो.

परीक्षेच्या दिवशी शर्ट घालायला गेलो आणि मग डोक्यात उजेड पडला. खिशावर तीन फिती! निवडणूक परीक्षेनंतर, आणि मी आधीच तीन फिती लावून जाणार? बरं, काढावी म्हटलं, तर आईचे दुहेरी टाके. नखानं निघेना, कात्रीनं खिसाच निघायला लागला. शेवटी वर जर्सी घातली. लोकरीची. बाहेर ऊन कसलं, तर कुत्री सावलीतून उठायला तयार नव्हती.

बाई आल्या. उंच, पांढरे केस, आणि बोलणं एका शब्दाचं. 'उभे. बसा. नाव? बरं.' माझ्यापाशी थांबल्या. 'जर्सी?' मी म्हटलं, 'सर्दी आहे बाई.' त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम बघितला. 'बरं.' आणि पुढे गेल्या.

मग त्यांनी कागद काढला आणि परीक्षेचा नियम वाचला. इतकं लांब वाक्य त्यांनी दिवसभरात एकदाच उच्चारलं असेल. 'संघानं वीस मिनिटांत तंबू उभा करायचा, नायकानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, दोर, खुंटी, कापड, कशालाही हात लावायचा नाही, लावला तर संघ बाद.'

तुम्हाला सांगतो... हात मागे? माझे? अहो त्या सात जणांनी वर्षभरात एक गाठ मारली नव्हती. मी मारू दिलीच नव्हती ना! चष्म्याला खुंटी सरळ धरता येत नाही, छोटीला दोराची टोकं दोन असतात हे समजायला अर्धा तास लागतो, जुळे हसणार, बाकीचे तिघं उभे राहणार... आणि सगळ्या पथकासमोर, घड्याळासमोर, ते कापड आमच्या अंगावर येऊन पडणार. आणि जर्सीच्या आत माझ्या तीन फिती. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, 'म्हणजे... बघू.'

शिट्टी वाजली. म्हटलं, हात नाहीत तर नाहीत, तोंड तर आहे! आता नायक म्हटल्यावर कुणीतरी सांगायला नको का? मी सुरू केलं, 'चष्मा, तू खांब घे, जुळे, तुम्ही कापड, छोटी, तू...' पण ऐकतंय कोण? खांब आधीच उभा होता. एक जुळा कापड ओढत होता, दुसरा ताणत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघंही हसत नव्हते. बाकीच्या तिघांनी खुंट्या ठोकायला घेतल्या, एक इकडे, एक तिकडे, एक मागे, कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. मी आपला हात मागे बांधून या टोकाला पळतोय, त्या टोकाला पळतोय, आणि जिथे पोचतोय तिथलं काम आधीच झालेलं!

छोटी दोर जोडत होती. मी वाकून बघितलं तर उजवं टोक डाव्यावर घेतलं, ठीक, आणि मग डावं उजव्यावर. मी ओरडलो, 'चुकतंय, छोटे, चुकतंय! परत उजवंच डाव्यावर!' तिनं मान वर केली नाही. टोपीतूनच म्हणाली, 'हो दादा.' आणि पुढची गाठ परत तशीच मारली. मी आणखी मोठ्यानं, 'अगं, सुटेल ती!' तर माझ्या मागून आवाज आला, 'बरोबर आहे.' बाई. मी म्हटलं, 'नाही बाई, मी वर्षभर...' बाईंनी खिशातून दोरीचे दोन तुकडे काढून माझ्यासमोर धरले. 'तुझी मार.' मी मारली. चार सेकंदांत, तीच सुबक. बाईंनी दोन्ही टोकं धरून जरा ताण दिला आणि... काय सांगू तुम्हाला... अशी सुळकन सुटली.

माझ्या हातात दोन दोऱ्या. समोर आमचा तंबू उभा, घट्ट, एक सुरकुती नाही. अकरा मिनिटं. पथकाच्या इतिहासात कुणी अकरा मिनिटांत तंबू उभा केला नव्हता, ताईनंसुद्धा नाही. आणि मला एकच प्रश्न पडला, माझ्या गाठी सुटतात, तर मग वर्षभर हा तंबू उभा कसा राहिला?

मी छोटीला बाजूला घेतलं. ती बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाली, 'तू पाणी प्यायला गेलास की आम्ही सोडून परत बांधायचो. पाळी लावली होती. मागचे दोर माझे, पुढचे चष्म्याचे.' मी म्हटलं, 'वर्षभर?' म्हणाली, 'वर्षभर.' म्हटलं, 'आणि कोणी शिकवलं?' म्हणाली, 'सरांनी. आम्हीच विचारलं. एवढ्या गाठी दर शनिवारी सोडून परत बांधायच्या म्हटल्यावर येणारच की.' मग मला राग आला, खरंच आला, म्हटलं, 'अगं मग मला सांगायचं नाही का?' तेव्हा तिनं टोपी वर करून माझ्याकडे बघितलं. 'सांगितलं होतं, दादा. पहिल्याच शनिवारी. तू म्हणालास, मध्ये बोलू नकोस, बघ आणि शिक.'

म्हणालो होतो. शब्दन्‌शब्द आठवला. तुमच्यापासून काय लपवायचं, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. वर्षभर अकरा वर्षांची मुलगी माझ्या मागून माझी चूक सोडवत होती, आणि मी नळावर पाणी पीत होतो.

तेवढ्यात बाई आल्या, मागे सर, मागे सगळं पथक. बाई म्हणाल्या, 'उत्तम. किती दिवसांत शिकवलंस?' आता बघा हं. गाठ सुटलेली फक्त त्यांनी आणि मी बघितली होती, आणि माझ्या मुलांना काय शिकवलं असेल हे त्यांना काय माहीत? नुसतं म्हणायचं होतं, सहा महिन्यांत. समोर मतं देणारं अख्खं पथक उभं. घड्याळ उभी. आणि छोटी काही बोलली नसती, चष्मा नसता, कुणीच नसतं, वर्षभर बोलले नव्हते ते आज कशाला बोलतील? शब्द जिभेवर आला होता हो... पण छोटीनं मान खाली घातली होती. मी काय बोलणार हे तिला आधीच माहीत असल्यासारखी. ते काही मला सोसेना.

मी म्हटलं, 'मी नाही शिकवलं, बाई. मला ही गाठ येतच नाही. मी बांधायचो ती चुकीची, आणि हे सोडून परत बांधायचे. आज तंबू उभा आहे तो माझे हात मागे होते म्हणून.'

कुणी हसलं नाही, जुळेसुद्धा नाहीत.  बाई म्हणाल्या, 'जर्सी काढ. चक्कर येईल.' मी म्हटलं, 'नको बाई.' म्हणाल्या, 'काढ.' काढली. तीन फिती. आता जुळे हसले... जुळे काय, अख्खं पथक हसलं. बाईंनी एक, दोन, तीन अशा मोजल्या आणि सरांकडे बघितलं. सर म्हणाले, 'म्हणजे... आई घाईत असेल... बघू.'

आणि या थाटात निवडणूक! आमच्याकडे पद्धत अशी की उमेदवारांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मागे बाकीच्यांनी हात वर करायचे. मी आणि घड्याळ शेजारी शेजारी, भिंतीला नाक लावून. ती हळूच म्हणाली, 'खरं बोललास ते बरं केलंस.' हरणाऱ्याशी लोक असंच बोलतात. मी मनातल्या मनात ताईला काय सांगायचं ते जुळवत होतो. ती फीत काढताना आई एक शब्द बोलणार नाही, आणि तेच जास्त लागेल, हेही मला दिसत होतं. मागे बाह्यांची सळसळ झाली, एकदा, आणि मग दुसऱ्यांदा. सर म्हणाले, 'तेरा... आणि... सतरा.' कुणाला तेरा ते सांगायला त्यांनी एवढा वेळ घेतला की माझे भिंतीचे पोपडे मोजून झाले.

सतरा मला होती.

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. धावत माझ्या संघाकडे गेलो, सातच्या सात जणांनी मला मत दिलं होतं, आणि दुसऱ्या संघांत फिरून बाकीची मतं गोळा केली होती तीही त्यांनीच. मी म्हटलं, 'छोटे, एवढं सगळं होऊनही?' ती म्हणाली, 'चष्मा देणार नव्हता, पण तू खरं बोललास म्हणून त्यानं दिलं.' मला भरूनच आलं. म्हटलं, 'आणि तू? तू का दिलंस?' म्हणाली, 'मी तर आधीपासूनच देणार होते. पथकनायक कुठल्याच एका संघात नसतो ना, दादा.'

...कळलं तुम्हाला? मला कळायला घरापर्यंतचा अख्खा रस्ता लागला.

घरी ताईनं सगळं ऐकलं, पोट धरून हसली, आणि मग बुटाच्या नाड्या काढून तिनं मला ती गाठ शिकवली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. पंचवीस वेळा बांधायला लावली. एकदाही 'दे इकडे' म्हणाली नाही. आई म्हणाली, 'ती फीत राहू दे ना मग आता?' म्हटलं, राहू दे.

पुढच्या शनिवारी मी पथकनायक म्हणून पहिल्यांदा मैदानात गेलो. छाती ही एवढी. यंदाची नवी भरती झालेली, सगळ्यांच्या टोप्या कानांपर्यंत. मी त्यांच्यासमोर एक अख्खा तंबू बांधून दाखवला, बावीस गाठी, सगळ्या बरोबर, आणि ऐटीत नळावर गेलो. परत येऊन बघतो तर नवी पोरं दोराशी वाकून बसलीयत आणि त्यांची तोंडं पडलेली. छोटीनं त्यांना पाळी लावून दिली होती. चारही संघांत. एक जण दोर ओढून बघत म्हणाला, 'दादा, ही तर घट्ट आहे. आता आम्ही काय करायचं?' आणि खरंच, काही नव्हतंच त्यांना करायला. तासभर नुसती बसून राहिली. मी छोटीकडे बघितलं, छोटीनं सरांकडे, आणि सर म्हणाले, 'बघू.'

तेव्हापासून दर शनिवारी मी सगळ्यांच्या आधी जातो, उजवं डाव्यावर, परत उजवं डाव्यावर, बावीसच्या बावीस गाठी मनापासून चुकीच्या मारतो, आणि नळावर जाऊन बसतो. तहान नसते हो. तिकडे नवी पोरं माना हलवत माझ्या गाठी सोडतात, हसतात, म्हणतात, याला कुणी केलं पथकनायक? ऐकू येतं मला सगळं... पण काय बोलणार? आता नायक म्हटल्यावर कुणीतरी चुकायला नको का?